हिशेबात न धरलेली वर्षं

२ जून २०२५ रोजी फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत एका लष्करी बढतीवर मतदान झालं. बाजूने १९७ मतं, विरोधात एकही नाही. ६ नोव्हेंबरला सीनेटनेही मंजुरी दिली आणि १७ नोव्हेंबरला कायदा जारी झाला. कायदा अवघ्या एका कलमाचा. फ्रेंच राष्ट्र आल्फ्रेड ड्रेफस यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचं पद देत आहे, एवढाच त्याचा मजकूर. ज्याला ही बढती मिळाली त्याला जाऊन तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.

इतक्या सुखासुखी कुठल्याच सैन्यात कोणी जनरल होत नाही. इथे ना निवड मंडळ बसलं, ना गोपनीय अहवाल उघडले गेले, ना 'मला डावललं' म्हणून कोणी सहकारी न्यायालयात गेला. जाणार तरी कोण? त्या ज्येष्ठता यादीतली सगळी माणसं केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेली. सरकारी तिजोरीतून एक छदामही सुटला नाही.

याच माणसाने जिवंतपणी, अंगात गणवेश असताना याहून फार कमी मागितलं होतं. माझ्या सेवेची वर्षं मोजताना चूक झाली आहे, ती दुरुस्त करा, इतकीच त्याची विनंती होती. तिला वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. तो १९०७ मध्ये निवृत्त होऊन राखीव अधिकाऱ्यांच्या यादीत गेला आणि १९३५ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून वारला. ड्रेफस प्रकरणावर कपाटंच्या कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत, पण बहुतेकांची गोष्ट १२ जुलै १९०६ या दिवशी, तो निर्दोष ठरतो तिथे संपते. कादंबरीकार झोला, 'मी आरोप करतो' हे त्याचं पत्र, सैतानाचं बेट, बनावट कागद, आणि शेवटी सत्याचा विजय. बढतीचं भांडण त्यानंतरचं. त्यात नाट्य नाही, आस्थापना विभागातल्या फायलींचा वास आहे. म्हणून ते तळटिपेत जातं. वास्तविक राज्यसंस्था आपली चूक कबूल करते म्हणजे नेमकं काय करते आणि काय करायचं टाळते, हे त्या तळटिपेतच नीट दिसतं.

ड्रेफस मूळचा अल्सासमधल्या म्युलूजचा, कापडगिरणी चालवणाऱ्या ज्यू घरातला. जन्म १८५९ चा. १८७१ मध्ये अल्सास जर्मनीने गिळलं तेव्हा या कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व राखलं आणि धाकट्या आल्फ्रेडने सैन्याची वाट धरली. एकोल पॉलितेक्निक, मग तोफखाना, १८८९ मध्ये कॅप्टन. स्टाफ अधिकारी घडवणाऱ्या युद्ध विद्यालयातून तो ८१ जणांत नववा आला. आणखी वर आला असता. पण परीक्षा मंडळातल्या एका जनरलला जनरल स्टाफमध्ये ज्यू नको होते, आणि त्याने ड्रेफसला व आणखी एका ज्यू अधिकाऱ्याला व्यक्तिमत्त्वाचे गुण मुद्दाम कमी दिले. दोघांनी रीतसर तक्रार केली. विद्यालयाच्या प्रमुखांनी खेद व्यक्त केला आणि निकाल होता तसाच ठेवला.

या माणसाच्या साऱ्या आयुष्याचा नमुना त्या तक्रारीत सापडतो. अन्याय झाला की योग्य मार्गाने अर्ज करायचा, वरिष्ठांनी सहानुभूती दाखवायची, आणि कागद जिथल्या तिथे राहायचा.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर. १८९४ च्या शरदात जर्मन वकिलातीच्या कचऱ्यातून आलेल्या, लष्करी गुपितं देऊ करणाऱ्या एका चिठ्ठीवरचं हस्ताक्षर त्याचं ठरवण्यात आलं. १५ ऑक्टोबरला अटक, डिसेंबरात बंद दाराआडचं कोर्ट मार्शल. न्यायाधीशांना एक गुप्त फाइल दाखवली गेली, आरोपीच्या वकिलाला तिचा पत्ताही नव्हता. खरा हेर एस्तेरहाझी मोकळा फिरत राहिला, आणि पुरावा कमी पडला तेव्हा मेजर आन्री नावाच्या अधिकाऱ्याने तो स्वतः बनवला.

५ जानेवारी १८९५ ची सकाळ मात्र जरा थांबून पाहावी अशी आहे. पॅरिसच्या एकोल मिलितेरच्या मोठ्या प्रांगणात सैन्य उभं, कुंपणाबाहेर गर्दी. रिपब्लिकन गार्डचा एक धिप्पाड अ‍ॅडज्युटंट पुढे झाला. त्याने ड्रेफसच्या टोपीवरच्या, बाहीवरच्या फिती उपटल्या, बटणं तोडली, पॅन्टवरच्या पट्ट्या खेचून काढल्या आणि तलवार गुडघ्यावर मोडून दोन तुकडे केले. हे सगळं भराभर उरकलं, कारण तयारी आधीच झाली होती. फितींचे टाके उसवून त्या जेमतेम अडकवून ठेवल्या होत्या, आणि तलवार नीट मोडावी म्हणून तिच्यावर आधीच कानस फिरवलेली होती. रँक काढून घेणं हा सैन्याच्या लेखी किती गंभीर विधी आहे, हे या तालमीवरून समजतं. आदल्या दिवशी कोणीतरी सुई-कात्री घेऊन त्या गणवेशावर बसलं असणार. नंतर तीच रँक परत करायची वेळ आली तेव्हा असा एकही हात इतक्या काळजीने चालला नाही.

शिक्षा भोगत सैतानाच्या बेटावर तो चार वर्षांहून अधिक काळ होता. पळून जाण्याच्या अफवेवरून १८९६ मध्ये त्याला रात्री बिछान्याला बेड्यांनी जखडलं गेलं, झोपडीभोवती उंच कूड उभारून समुद्रही दिसेनासा केला. १८९९ मध्ये रेन शहरात दुसरं कोर्ट मार्शल झालं. पाच विरुद्ध दोन मतांनी त्याला पुन्हा दोषी ठरवलं, पण 'सौम्य परिस्थिती' लक्षात घेऊन दहा वर्षांची शिक्षा दिली. देशद्रोहात सौम्य परिस्थिती कसली, हे त्या पाच अधिकाऱ्यांनाच ठाऊक. दहा दिवसांत राष्ट्राध्यक्ष लूबे यांनी माफी दिली. माफी दोषी माणसाला मिळते. त्यामुळे ती घेऊनही ड्रेफस लढत राहिला, आणि सात वर्षांनी सर्वोच्च अपील न्यायालयाने रेनचा निकाल रद्द केला.

दुसऱ्याच दिवशी, १३ जुलै १९०६ रोजी, संसदेने दोन कायदे केले.

पहिल्या कायद्याने ड्रेफसला सैन्यात परत घेऊन मेजर केलं. दुसऱ्या कायद्याने जॉर्ज पिकारला परत घेतलं. पिकार म्हणजे हेरखात्याचा तो प्रमुख, ज्याला खरा हेर एस्तेरहाझी असल्याचं उमगलं, ज्याने ते लपवायला नकार दिला आणि त्यापायी नोकरी गमावून तुरुंगवास भोगला. त्याचं धैर्य वादातीत. तो लेफ्टनंट कर्नल असताना बाहेर फेकला गेला होता. कायद्याने त्याला थेट ब्रिगेडियर जनरल केलं आणि हे जनरलपद जुलै १९०३ पासून धरलं. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत ज्याला मानीव दिनांक म्हणतात तो पिकारला मिळाला, तोही तीन वर्षं मागचा. सप्टेंबरात तो डिव्हिजन जनरल झाला आणि ऑक्टोबरात पंतप्रधान क्लेमांसोच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री.

ड्रेफसचं मेजरपद मात्र कायद्याच्या दिवसापासून मोजलं गेलं. १८८९ चा कॅप्टन १९०६ मध्ये मेजर. मधल्या साडेअकरा वर्षांत तो जणू कुठे सुटीवर गेला होता. त्याच्या बरोबरीचे लोक मेजरपदाची वर्षं पुरी करून पुढे निघून गेले होते आणि हा सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या पायरीवर नव्याने उभा. फ्रेंच सैन्यात प्रत्येक हुद्द्यावर किमान अमुक वर्षं काढल्याशिवाय पुढचा हुद्दा मिळत नसे. त्यामुळे जनरलपदाची वाट त्याच्यासाठी त्या दिवशीच बंद झाली. हे समजायला कोणी ज्योतिषी नको होता. आस्थापना विभागातल्या कारकुनालाही ते बोटांवर मोजून सांगता आलं असतं.

एकाच दिवशी, एकाच सभागृहाने, एकाच प्रकरणातल्या दोघांसाठी हे केलं. ज्याने निर्दोष माणसाची बाजू घेतली त्याची गेलेली वर्षं मोजली गेली आणि जो निर्दोष होता त्याची नाही. 'नजरचुकीने राहून गेलं' असं म्हणायला जागाच उरत नाही, कारण योग्य हिशेब कसा करायचा हे शेजारच्याच कायद्यात लिहिलेलं होतं.

ड्रेफसने हा मुद्दा सरकारपुढे मांडला. निर्णय ज्याच्या टेबलावर गेला तो युद्धमंत्री होता पिकार, आणि त्याने नकार दिला. दोघांमध्ये जिव्हाळा कधीच नव्हता. पिकारच्या मनात ज्यूंविषयी त्या काळचे सर्रास पूर्वग्रह होते, हे अभ्यासकांनी नोंदवलेलंच आहे. त्याने सत्यासाठी स्वतःची कारकीर्द पणाला लावली ती ड्रेफस आवडत होता म्हणून लावली नव्हती, आणि यातच त्याचं मोठेपण आहे. पण सत्य सांगणं वेगळं आणि पुढची घडी नीट बसवणं वेगळं. दुरुस्ती करायची तर पुन्हा कायदा, पुन्हा चर्चा, पुन्हा वर्तमानपत्रं. बारा वर्षं देशाला उभं चिरणारं प्रकरण एकदाचं मिटलं असताना दोन-चार वर्षांच्या ज्येष्ठतेसाठी ते कोण उकरणार? क्लेमांसोसारख्या, 'मी आरोप करतो' ज्याच्या वर्तमानपत्रातून छापलं गेलं त्या मुरलेल्या लढवय्यालाही पंतप्रधान झाल्यावर हे परवडणारं नव्हतं.

ड्रेफसच्या समर्थकांपैकी अनेकांना तो जरा निरसच वाटत असे. भाषण येत नाही, आवाज कोरडा, भावना चेहऱ्यावर दिसत नाहीत, आणि एवढ्या महान लढ्याचा नायक असून हा माणूस फ्रान्सच्या अंतरात्म्याविषयी बोलायचं सोडून रँकच्या तारखेविषयी बोलतो! त्यांना प्रतीक हवं होतं, समोर होता एक तोफखाना अधिकारी. या अपेक्षाभंगात एक सूक्ष्म अन्याय आहे. ज्याच्या नावाने आपण न्यायाची लढाई लढलो त्याने नोकरीचे हिशेब मागू नयेत, ते क्षुद्र आहे, असं म्हणणं त्यांनाच शोभतं ज्यांची वर्षं कोणी कापलेली नाहीत. सैनिकाची अब्रू भाषणात नसते. ती बाहीवर असते, सेवापुस्तकात असते, अधिकाऱ्यांच्या यादीत आपलं नाव कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली छापलं जातं त्यात असते. १८९५ मध्ये सैन्याने ती बरोब्बर तिथूनच उपटली होती. मग परत मागताना त्याने दुसरीकडे कुठे बोट दाखवायचं होतं?

म्हणून १९०६ चा मेजरपदाचा कायदा हा अर्धा न्याय होता, असं म्हणणंही सौम्य ठरेल. गुन्हा घडलाच नाही असा निकाल देऊन शिक्षेचा एक भाग चालू ठेवणं असं त्याचं स्वरूप होतं. बेड्या निघाल्या, बेट सुटलं, बदनामी पुसली. पण सेवेतून वजा केलेली वर्षं वजाच राहिली.

१९०७ मध्ये ड्रेफसने निवृत्ती मागितली आणि ती मिळाली. सुटकेपासून तो ज्या वह्यांत टिपणं ठेवत होता त्याही त्याच वर्षी थांबतात. पुढच्या वर्षी, ४ जून १९०८ रोजी, झोलाचे अवशेष पाँतेऑनमध्ये नेताना एका पत्रकाराने ड्रेफसवर गोळ्या झाडल्या; हाताला जखम झाली. पॅरिसच्या ज्यूरीने हल्लेखोराला निर्दोष सोडलं. निर्दोष सुटका तिथे इतकी स्वस्त झाली होती.

यानंतर माणसाने गणवेशाला हात जोडून घरी बसावं. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ड्रेफस ५४ वर्षांचा होता. राखीव अधिकारी म्हणून तो हजर झाला. आधी पॅरिसच्या संरक्षक छावणीत तोफखान्याचं काम, मग १९१७ मध्ये शमँ दे दाम आणि व्हर्दँच्या आघाडीवर. त्याचा मुलगा प्येरही याच युद्धात लढत होता. सप्टेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, राखीव दलात त्याला लेफ्टनंट कर्नल करण्यात आलं. कायम सेवेत ज्येष्ठतेने जे सहज मिळायला हवं होतं ते अकरा वर्षांनी राखीव अधिकारी म्हणून, पन्नाशी उलटल्यावर चिखलात उभं राहून मिळवावं लागलं. त्याने कुरकुर केल्याची नोंद नाही.

अटलांटिकच्या पलीकडे त्याच युद्धात असाच एक अर्ज घोड्यावर बसून राजधानीला निघाला होता. चार्ल्स यंग १८६४ मध्ये केंटकीत गुलाम आईबापांच्या पोटी जन्मला. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतून पदवी घेणारा तो तिसरा कृष्णवर्णीय. हैती आणि लायबेरियात लष्करी प्रतिनिधी, १९१६ मध्ये मेक्सिकोच्या मोहिमेत घोडदळाचा अधिकारी. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तो अशा टप्प्यावर होता की युद्धकाळातल्या भराभर बढत्यांत ब्रिगेडियर जनरल होणं जवळपास ठरलेलं. म्हणजे गोरे अधिकारी एका काळ्या जनरलच्या हाताखाली आले असते. मिसिसिपीच्या एका गोऱ्या लेफ्टनंटने कुरकुर केली, तिथल्या सिनेटरने ती राष्ट्राध्यक्ष विल्सनपर्यंत नेली, आणि वैद्यकीय मंडळाला यंगचा वाढलेला रक्तदाब सापडला. त्याला कर्नल करून सक्तीने निवृत्त केलं. जून १९१८ मध्ये यंग ओहायोतल्या विल्बरफोर्सहून घोड्यावर निघाला आणि सुमारे पाचशे मैल कापून वॉशिंग्टनला पोहोचला. प्रकृती ठणठणीत आहे, हे सांगायला याहून स्पष्ट अर्ज कोणी लिहिला नसेल. सैन्याने त्याला परत घेतलं ६ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या पाच दिवस आधी. १९२२ मध्ये तो लागोसमध्ये कामावर असताना वारला. त्याला मानद ब्रिगेडियर जनरलपद २०२२ मध्ये मिळालं.

दोन देश, दोन वंश, आणि उदारपणाचं वेळापत्रक मात्र एकच. हे योगायोगाने होत नाही. जिवंत अधिकाऱ्याची बढती महाग असते. त्याला मागील तारखेने ज्येष्ठता दिली की यादीतले इतर खाली सरकतात. थकबाकी द्यावी लागते, निवृत्तिवेतन बदलतं. शिवाय ज्याने आधी अहवाल खराब लिहिला त्या वरिष्ठाकडे बोट जातं, आणि तो बहुधा अजून खुर्चीत असतो. मेलेल्याला बढती दिली की यातलं काही होत नाही. वर टाळ्या मिळतात. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण इथे पुरती लागू पडत नाही, कारण म्हणीतल्या शेतकऱ्याला निदान पश्चात्ताप असतो. इथे झोपा बांधल्याचा समारंभ होतो.

तरीही दुसरी बाजू वजनदार आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. बढती हे मागच्या कामाचं बक्षीस नसतं. पुढची जबाबदारी पेलण्याच्या विश्वासावर ती दिलेली असते. जनरलच्या चुकीने माणसं मरतात, म्हणून कुणावर अन्याय झाला याची भरपाई ब्रिगेड देऊन करता येत नाही. शिवाय प्रत्येक सैन्य वर निमुळतं होत जातं. कर्नलांपैकी मोजकेच ब्रिगेडियर होतात आणि डावलला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण आपल्यावर अन्याय झाला असंच मानतो. त्यांतले बहुतेक अर्ज फेटाळले जातात आणि फेटाळलेच जायला हवेत. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी 'माझा तो एक शेरा बदला' म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला तारा लावत बसलं तर ताऱ्याला काही किंमत उरणार नाही.

पण ड्रेफस डावलला गेला नव्हता. त्याची स्पर्धाच चोरीला गेली होती, आणि हा फरक कायद्याला करता येतो. भारतात तो झालेलाही आहे. सरकारी नोकरावर फौजदारी खटला किंवा खातेनिहाय चौकशी चालू असेल तर बढती समितीचा त्याच्याविषयीचा निर्णय सीलबंद पाकिटात ठेवतात. तो सुटला की पाकीट उघडायचं. मग बढती आजपासून की तेव्हापासून, आणि मधल्या काळाचा पगार द्यायचा की नाही? १९९१ मध्ये जानकीरामन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेलं. माणूस पूर्णपणे निर्दोष ठरला असेल, त्याच्यावर साधा ठपकाही उरला नसेल, तर एरवी ज्या तारखेला बढती मिळाली असती त्या तारखेपासून वरच्या पदाचे लाभ त्याला द्यावेत. काम नाही तर दाम नाही हा नियम अशा वेळी लावता येत नाही, कारण तो काम करायला तयार होता, त्याला दूर सरकारने ठेवलं. संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यांची गोष्ट न्यायालयाने वेगळी ठेवली. तिथे अधिकाऱ्यांनी तारतम्य वापरावं. या निकालात भावनेचा एक शब्द नाही. १९०६ च्या फ्रेंच संसदेला हा तर्क अवघड नव्हता. पिकारच्या बाबतीत तिने तोच वापरला होता.

रँक आणि प्रत्यक्ष कमांड वेगळी काढता येते, ही पळवाट नसून कामाची सोय आहे. कारगिल युद्धात बटालिक भागात लढलेल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने मे २०१० मध्ये हेच सुचवलं. वरिष्ठांनी त्यांच्या कामगिरीची नोंद पक्षपाताने केल्याचा निष्कर्ष काढून न्यायाधिकरणाने तो गोपनीय अहवाल बाद ठरवला आणि मेजर जनरलपदाच्या मानीव बढतीसाठी त्यांचा विचार करावा असं म्हटलं. ते निवृत्त झाले होते. डिव्हिजन त्यांच्या हाती देण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न नोंद खरी करण्याचा होता. ड्रेफसला १९०७ मध्ये इतकंच पुरलं असतं. पुन्हा कुठल्या रेजिमेंटची कमांड द्या, असं त्याचं म्हणणं नव्हतं. यादीतली तारीख बदला, एवढंच होतं.

मग २०२५ चा कायदा निव्वळ देखावा आहे का? तसं म्हणणं अतिरेकाचं होईल. फ्रान्समध्ये ड्रेफसचं नाव अजून शांत झालेलं नाही. व्यंगचित्रकार तिम याने केलेला त्याचा पुतळा, हातात मोडलेली तलवार धरलेला, एकोल मिलितेरमध्ये उभारू द्यायला १९८० च्या दशकात सैन्याने नकार दिला. तो आधी त्विलरी बागेत आणि मग एका बुलेव्हारवर गेला. ज्या घरात आयुष्यभर प्रजासत्ताकावर विश्वास ठेवला गेला त्या घरातली ड्रेफसची नात मादलेन लेव्ही १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत मरण पावली. फ्रेंच पोलिसांनी ज्यूंना पकडून दिलं तो काळ ड्रेफसच्या मृत्यूनंतर पाच वर्षांतच सुरू झाला होता. ज्यूद्वेष पुन्हा डोकं वर काढतो आहे असं फ्रेंच ज्यू सांगत असताना संसदेने एकमुखाने काही म्हणणं याला अर्थ आहे. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी १२ जुलै हा दिवस दरवर्षी ड्रेफसच्या स्मरणार्थ पाळायचं जाहीर केलं, त्यालाही आहे.

फक्त त्या अर्थाला बढती म्हणू नये. तो आजच्या फ्रान्सने आजच्या फ्रान्सला दिलेला शब्द आहे, आणि तसा तो चांगला आहे. ड्रेफसचं देणं त्यातून फिटलेलं नाही. किंबहुना एक बारीक गोष्ट त्यात झाकली जाते. ब्रिगेडियर जनरल हा मोठा हुद्दा देऊन टाकला की त्याने मागितलेल्या छोट्या गोष्टीविषयी बोलायची गरज संपते. ती छोटी गोष्ट कोणी नाकारली, का नाकारली, तेव्हाच्या सरकारात चांगले म्हणवणारे कोण कोण होते, हे प्रश्न अडचणीचे आहेत, कारण त्यांची उत्तरं ड्रेफसच्या शत्रूंकडे जात नाहीत. ती त्याच्या मित्रांकडे जातात. बनावट कागद रचणाऱ्या आन्रीचा निषेध करायला आज कुणालाच काही मोजावं लागत नाही. क्लेमांसो आणि पिकारच्या नकारावर बोट ठेवणं जास्त खरं आणि जास्त उपयोगाचं आहे, कारण पुढचे अर्ज आन्रीसारख्यांच्या टेबलावर क्वचित जातात. बहुतेक वेळा ते सभ्य, सहानुभूती असलेल्या, 'आता हे कशाला उकरायचं' म्हणणाऱ्या माणसांच्या टेबलावर असतात.

भारतीय लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना हे टेबल चांगलं परिचयाचं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कायम कमिशनचा हक्क मान्य केला. मार्च २०२१ च्या दुसऱ्या निकालात त्यांना लावलेले निकष तपासले गेले, आणि ते वरवर सर्वांना सारखे दिसले तरी प्रत्यक्षात त्यांचा फटका महिलांनाच बसतो, असं न्यायालयाने म्हटलं. मोठे निकाल, मोठे मथळे. त्यानंतर कर्नलपदाची वेळ आली तेव्हा गोपनीय अहवाल कुठल्या तारखेपर्यंतचे धरायचे, या तांत्रिक वाटणाऱ्या बाबीत गाडी अडली. लष्कराने अशी कट-ऑफ लावली की अनेकींच्या अलीकडच्या सेवेचा विचारच होईना. काही जणी पुन्हा न्यायालयात गेल्या. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती कट-ऑफ मनमानी ठरवली आणि निवड मंडळ पुन्हा बसवायला पंधरा दिवसांची मुदत दिली. बाकीच्यांची ज्येष्ठता हलेल ही अडचणही तिथे आडवी आली नाही, कारण महिला अधिकाऱ्यांसाठी कर्नलपदाच्या वेगळ्या जागा सरकारने आधीच मंजूर केल्या होत्या.